सोडलेल्या वस्तूचे दान

प्रातःसंध्येत एक प्रार्थना आहे. रात्री जे पाप घडले असेल ते नष्ट होवो, असा तिचा आशय. मनाने घडलेले, वाणीने घडलेले, हातांनी, पायांनी, पोटाने घडलेले, असा एकेक अवयव तीत येतो. मुंज झाल्यापासून मी ती म्हणत आलो आहे. पण गेली पुष्कळ वर्षे 'वाणीने' आणि 'पोटाने' या दोन शब्दांपाशी माझा स्वर खाली जातो. वाणीचे तुम्हाला लवकरच कळेल. पोटाचे — ते अखेरीस सांगेन. आधी सांगण्याचे धैर्य नाही.

ज्या सूर्यनारायणापुढे ती प्रार्थना करायची, त्यालाही मी ही गोष्ट उघड शब्दांत सांगितलेली नाही. मुलाला नाही, सुनेला नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही कधी माझ्या पाया पडलेले नाही — म्हणून असेल.

तिसगावच्या शाळेत मी संस्कृत शिकवीत असे. निवृत्त झाल्यावर राममंदिरात चातुर्मासाची प्रवचने करू लागलो. गाव मला गुरुजी म्हणे. माझ्याविषयी एक ख्याती होती, ती सांगितल्यावाचून पुढचे कळणार नाही. गुरुजींना राग येत नाही, गुरुजींचा आवाज चढत नाही, गुरुजींच्या मनाला वारा लागत नाही — अशी ती ख्याती. दोन भावांत बांधावरून कुऱ्हाडी निघाल्या, तर लोक मला बोलावीत. मी नुसता जाऊन बसलो, तरी हात खाली येत.

या मनाला वारा लागत होता. वारा कसला — वावटळ होती ती.

गेल्या शतकाचे शेवटचे दशक लागून काही वर्षे झाली होती. पत्नी जाऊन वर्ष उलटले होते. एके दिवशी भरल्या सभेत निरूपण चालू असता छातीत धडधड सुरू झाली. तळहातांना घाम फुटला. आता आपण इथेच, या व्यासपीठावर, सर्वांच्या देखत संपणार, अशी भीती कुठून तरी आली आणि मुखातला शब्द गेला. मी डोळे मिटून बसून राहिलो. मग मागून कुणीतरी हलक्या आवाजात म्हणाले, "गुरुजींना भाव आला." आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, माझ्या पायांवर डोके ठेवले. मला भाव आला नव्हता, भय आले होते. पण मी ते सांगितले नाही. हे माझे पहिले मौन. पुढची मौने त्याच्याच पोटी जन्मली.

नंतर तसे वारंवार होऊ लागले. बाजारात, एस.टी.त, देवापुढेसुद्धा. मी जप वाढवला, प्राणायाम वाढवला. काही काळ बरे वाटे, पुन्हा तेच. नगरला छातीच्या डॉक्टरांना दाखवले. ते म्हणाले, हृदय निरोगी आहे, तुम्ही मनाच्या डॉक्टरांना भेटा. मला तो शब्द शिवीसारखा लागला. तरी गेलो. तो मनुष्य सज्जन होता. वयाने माझ्या विद्यार्थ्यांएवढा. त्याने घाई न करता सर्व ऐकून घेतले आणि म्हणाला, "गुरुजी, जप चालू ठेवा आणि ही गोळीही घ्या. त्या दोघांचे भांडण नाही. फक्त एक लक्षात असू द्या, ही एकदम बंद करायची नाही. बंद करायची वेळ येईल तेव्हा मी सांगेन तशी, हळूहळू उतरवत न्यायची. मध्येच सोडलीत तर शरीर उलटते."

हे वाक्य मी नीट ऐकले होते. पाठांतर हीच माझी विद्या. एकदा ऐकलेले वाक्य मी विसरत नाही.

गोळीने मला पुन्हा माणसांत आणले. दर खेपेला डॉक्टर जे बोलत, त्यानेही आणले. कशाची भीती वाटते, हे त्यांच्यापुढे बोलायचे, आणि बोलले की ती थोडी लहान होई. मी हे कृतज्ञतेने सांगतो. परंतु गावात मी काय सांगत असे? सांगत असे, नामाने मन स्थिर होते. ते असत्य होते का? अर्धे होते. अर्ध्या सत्याला असत्याहून अधिक जपावे लागते.

गोळ्यांचा पट्टा देवघरात, अष्टगंधाच्या डब्यामागे असे. पूजा आटोपली की तीर्थाबरोबर एक गोळी पोटात जाई. सुनेला वाटे, मी तुळशीपत्र घेतो. नगरला जाताना कपाळाचे गंध मी एस.टी.तच पुसत असे — करंजी घाट उतरला की ओल्या पंचाने. उपरणे पिशवीत, डोक्यावर साधी टोपी. परतताना गाव येण्याआधी पुन्हा गंध. ज्याने अवघे आयुष्य कपाळी गंध मिरवले, त्याने ते पुसावे ते कशासाठी? चोरी करायला जात होतो का मी?

त्या डॉक्टरांच्या दाराबाहेर एक लांब बाक होते. एके दिवशी मी तिथे बसलो असता शेजारून आवाज आला.

"आगं बया! गुरुजी, तुमी हितं?"

ती कुसुम होती. मंदिरामागच्या आळीतली, शिवणयंत्रावर पोलकी-परकर शिवून देणारी. तिचा नवरा पोपट टेम्पोने कांदा नगरला नेई. तिला बाकावर सोडून तो माल उतरवायला गेला होता. मी उपरण्याची पिशवी मांडीआड सरकवली. ती मात्र आपल्या गावचे माणूस भेटल्याच्या आनंदात बोलत राहिली. "बाजारच्या दिशी मला जीव जातोय का काय असं व्हायचं बगा. श्वासच पुरायचा न्हाई. सासूबाई म्हनायच्या, सोंग हाय. आता लई बरं हाय. मशीन चालिवते, हात कापत न्हाई." मग माझ्याकडे निरखून पाहत म्हणाली, "आन गंध न्हाई लावलं आज?"

मी म्हणालो, "आमचे एक पाहुणे आजारी असतात. त्यांची औषधे न्यायला आलो आहे."

"व्हय का? लई तरास हाय का पावन्याला?"

"आहे," मी म्हणालो. तेवढा एकच शब्द त्या दिवशी मी खरा बोललो.

तिने तो सर्व प्रकार मानला, असे मला तेव्हा वाटले. आज तसे वाटत नाही. पण ते पुढे.

आता चातुर्मासाकडे येतो. आषाढात आमच्याकडे नेम धरण्याची चाल आहे. चार महिने एखादी वस्तू सोडायची. कुणी कांदा-लसूण सोडतो, कुणी चहा, कुणी पलंगावर निजणे. आणि कार्तिकात उद्यापनाच्या वेळी, जी वस्तू सोडली तीच ब्राह्मणाला दान द्यायची. मीठ सोडले असेल तर मीठ, गूळ सोडला असेल तर गूळ. दान दिले की नेम सुटला. मग ती वस्तू पुन्हा घ्यायला मोकळे.

त्या वर्षी पहिल्याच प्रवचनात मी बोलून गेलो — वांगे सोडून काय मिळवाल? ज्याच्यावाचून अडत नाही ते सोडण्यात कसले व्रत? ज्याच्यावाचून तुमचे अडते, ते सोडा. वाक्य चांगले जमले होते. मला ते स्वतःलाच इतके आवडले की दोनदा म्हटले.

एक म्हातारे शेतकरी समोरून म्हणाले, "गुरुजी, मग म्हातारी सोडली तर चालंल का?" त्यांची म्हातारी बायकांच्या बाजूने ओरडली, "सोड की! भाकरी कोन थापतंय बगते!" मंदिर हसले. मीही हसलो. मी त्या वर्षी मीठ सोडल्याचे जाहीर केले. लोकांनी माना डोलावल्या. माझे मिठावाचून अडत नव्हते.

त्याच हशात कुसुमची सासू म्हणाली, "आमची सून लई भाविक हाय बरं का गुरुजी. दोन टाइम गोळीची आरती करती." बायका हसल्या. कुसुमने पदर पुढे ओढला.

सभा उठली. लोक पायरीवर चपला शोधत होते. कुसुम मागे रेंगाळली, खांबापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, माजं अडतं ते एकाच गोष्टीवाचून. ती सोडू का मी?"

कोणती, हे मी विचारायला नको होते. विचारले.

"तुमाला ठावं हाय की," ती म्हणाली. आणि मग, नेहमीच्या मोकळ्या आवाजात, "तितंच तर भेटलो न्हवं आपुन. पुढल्या खेपंला कवा जानार तुमी? म्हंजी सोबत व्हईल. पावनं कसं हाईत तुमचं?"

चपला शोधणारी दोन डोकी वर झाली. झाली का? की मला तसे दिसले? तिची सासू तर जवळच होती.

इथे मला थांबावेसे वाटते. कारण इथपर्यंत तुम्ही मला भित्रा म्हणाल, फार तर दांभिक म्हणाल. ते मी सोसेन. पुढचे निराळे आहे.

एक जुना शास्त्रनियम आहे. आमच्या पाठशाळेत तो लहान मुलांनाही येत असे. कोणत्या गोष्टींनी व्रत मोडत नाही, याची ती गणना आहे. पाणी त्यात आहे, फळ आहे, दूध आहे. आणि अखेरीला, अगदी शेजारीशेजारी, गुरूचे वचन आणि औषध. औषधाने व्रत मोडत नाही. औषध ही सोडण्याची वस्तूच नव्हे. याच नियमाच्या आधाराने मी दर एकादशीला, निर्जळ उपवासातही, माझी गोळी पाण्याच्या घोटाबरोबर घेत होतो आणि मनाला रुखरुख लागू देत नव्हतो.

तो नियम तिला सांगायला किती वेळ लागला असता? "बाई, औषध सोडायचे नसते. तू गूळ सोड." एवढेच. आणि मला आजही वाटते, तिला तेच ऐकायचे होते. सासूच्या देखत, देवळात, गुरुजींच्या तोंडून. म्हणून तर ती आली होती. गोळी सोडायला नव्हती आली. गोळी राखायला आली होती.

मी म्हणालो, "सोड."

आणि सासूला ऐकू जाईल अशा स्वरात पुढे म्हणालो, "संकल्प कर. राम सांभाळेल."

लोकांना वाटले असेल, गुरुजींची श्रद्धा किती दृढ. मला औषधाचे अज्ञान होते, असे तुम्हीही उदारपणे म्हणाल. नाही. डॉक्टरांचे ते वाक्य मला मुखोद्गत होते. मी 'सोड' म्हणालो ते रामावरच्या विश्वासाने नव्हे. ती त्या बाकावर पुन्हा येऊ नये, म्हणून म्हणालो. ती येत राहिली, तर केव्हा ना केव्हा डॉक्टर दार उघडून मला नावाने हाक मारतील, पाहुण्याच्या नावाने नव्हे — आणि ती ते ऐकेल. मला ते बाक तिच्यावाचून रिकामे हवे होते. एवढ्याचसाठी.

हीच ती वाणी.

तिने दुसऱ्याच दिवशी, सासूच्या हातचे पाणी तळहातावर घेऊन, देवापुढे संकल्प सोडला. आठवडा सरायच्या आत तिची झोप गेली. हात कापू लागले, शिवणीचा दोरा सुईत जाईना. मी हे मंदिरात ऐकत होतो. पोपट एकदा माझ्याकडे आला होता. टेम्पो दारात तसाच सुरू ठेवून उभ्या उभ्याच म्हणाला, "गुरुजी, तिला नगरला न्यावं का? ती म्हनती, गुरुजींचा सबूद हाय, मोडनार न्हाई." मी म्हणालो, "तिच्या निष्ठेच्या आड येऊ नकोस." तो मान हलवून गेला. टेम्पोचा आवाज वळणापलीकडे जाईपर्यंत मी दारात उभा होतो. हाक मारता आली असती.

श्रावणात, भाकरी टाकताना तिला झटका आला. ती चुलीवरच कोसळली. उजवा हात तव्यावर पडला आणि शुद्ध येईपर्यंत तिथेच राहिला. घरात दुसरे कुणी नव्हते.

सासूनेच मला सांगितले, आणि काय सांगावे, अभिमानाने सांगितले. "हात भाजला, पन पोरीनं गोळीला हात लावला न्हाई गुरुजी. नेम म्हंजी नेम!" जी बाई तिला सोंगाडी म्हणत होती, तीच आता तिचे गुण गात होती. आणि मी? त्या संध्याकाळी प्रवचनात, नाव न घेता, 'आपल्याच गावातील एका भगिनीची' निष्ठा वर्णिली. सर्वांची तोंडे तिच्याकडे वळली. ती भिंतीला टेकून बसली होती, हाताला पट्टी, डोळे जमिनीकडे. माझे शब्द तिच्याभोवती कुंपणासारखे उभे राहिले. त्यानंतर तिला मागे फिरायला वाट उरली नाही.

तिचे पुढे काय झाले, तेही सांगून टाकतो. कार्तिक सरल्यावर ती घराबाहेर पडेनाशी झाली. बाजार सुटला, मग मंदिर सुटले, मग उंबरठाही. भाजलेल्या हाताची बोटे आखडली होती, शिवणयंत्र विकले. पुढे पोपटला श्रीगोंद्याकडच्या एका कारखान्यावर काम मिळाले आणि ते कुटुंब तिकडे गेले. जाताना ती टेम्पोत मागे, भांड्याकुंड्यांच्या आडोशाला, तोंड झाकून बसली होती. त्यानंतर मी तिला पाहिले नाही. कुणाजवळ चौकशीही केली नाही. करू शकलो असतो. नगरहून श्रीगोंद्याला गाड्या सुटतात. त्याच स्थानकावर मी दर महिन्याला उतरत होतो.

मी मात्र बरा राहिलो. औषध चालू होते. पुढे काही वर्षांनी डॉक्टरांनी ते उतरवत नेले, हळूहळू, सांगितल्याप्रमाणे. शरीर उलटले नाही. डॉक्टर विचारीत, "गुरुजी, अजून काही मनात आहे का? असेल ते बोला." मी सर्व बोललो त्यांच्यापाशी. पत्नीचा मृत्यू, सभेचे भय, म्हातारपण. हे एवढे राहिले.

आता ते शेवटचे, जे मी मागे ठेवले होते.

कार्तिकात उद्यापनासाठी लोक माझ्या घरी येत. ओसरीवर पाट मांडलेला असे. कुणी गूळ आणी, कुणी चहाची पुडी. मी हात पुढे करून स्वीकारीत असे आणि आशीर्वाद देत असे. शेवटी कुसुम आली. एकटीच. किती वाळली होती! ताम्हणात तिने विडा, सुपारी, दक्षिणा मांडली आणि कमरेची पिशवी सोडून त्यांच्याशेजारी गोळ्यांचा एक पट्टा ठेवला. आषाढात जिथे थांबली, तिथपासून पुढचा सगळा, न फाडलेला.

चंदेरी पट्टा, वर तेच नाव. तीच गोळी. अष्टगंधाच्या डब्यामागे होती, तीच.

"सोडलेली वस्तूच द्यायची असती न्हवं?" ती म्हणाली.

दान देताना देणाऱ्याच्या उजव्या तळहातावरून पाणी सोडावे लागते. त्या तळहातावर अजून पट्टी होती. जखम चिघळली होती. तिने डावा हात पुढे केला, मग आपणच मागे घेतला. "डाव्यानं चालत न्हाई," म्हणाली, आणि पट्टीचा हात पुढे धरला. मी पळीभर पाणी त्यावर घातले. पाणी फडक्यात मुरले. ताम्हणात पडायला फार वेळ लागला. तिने तोंड वाकडे केले नाही.

नेम सुटला होता. आता ती गोळी पुन्हा घ्यायला मोकळी होती. ती उठली नाही. ओला हात मांडीवर धरून माझ्याकडे पाहत बसली. ती एका वाक्याची वाट पाहत होती. ते वाक्य कोणते, हे मला जसे ठाऊक होते तसे तुम्हालाही आहे. मी दक्षिणेचे नाणे उजवीकडून डावीकडे सरकवले.

बऱ्याच वेळाने ती उठली. पदर सावरला, वाकून नमस्कार केला. मग माझ्या कपाळाकडे, गंधाकडे, तिने एकवार पाहिले.

"ठिवा त्या," ती म्हणाली. "तुमच्या पावन्याला लागतील."

आवाजात टोमणा नव्हता. राग नव्हता. माझ्या पाहुण्याची तिला खरोखर काळजी वाटत असावी, असा तो आवाज होता. हेच मला आजतागायत उलगडलेले नाही. तिला सारे ठाऊक होते का? ठाऊक असून तिने दिल्या का?

त्या महिन्यात माझे नगरला जाणे राहिले होते. डब्यामागचा पट्टा संपत आला होता. सायंसंध्या झाल्यावर मी तिच्या पट्ट्यातली एक गोळी फोडली, तीर्थाची पळी घेतली आणि गिळली. दुसऱ्या दिवशी दुसरी. मी त्या सर्व घेतल्या.

त्या लागू पडल्या. मला शांत झोप लागत होती.